कळतं पण वळत नाही? हवामानबदल, मामा तलाव आणि आपलं गप्प बसणं



मागच्या व्याख्यानात आपण 'कर्ता' या कल्पनेवर बोललो होतो. कर्म केलं असं आपण कोणाबद्दल म्हणतो, जबाबदारी कोणावर टाकतो, आणि न केलेल्या कर्माचीही जबाबदारी असते का, असे ते प्रश्न होते. त्यानंतर काही श्रोत्यांनी एक प्रश्न लावून धरला. हवामान बदलतंय हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, तरी लोक हलत का नाहीत? हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. आज त्यावरच बोलायचं आहे, आणि बोलायचं आहे ते लाखनीत बसून. म्हणजे ध्रुवावरचं बर्फ आणि पांढरी अस्वलं आज बाजूला ठेवू. ती खरी आहेत, पण आपल्या बांधीतून दिसत नाहीत.

पहिली गोष्ट अशी की लोकांना माहीत नाही म्हणून ते काही करत नाहीत, हे आम्हाला पटत नाही. आमच्या भागात कोणत्याही पानठेल्यावर उभे राहा. मृग आता पूर्वीसारखा बरसत नाही, पऱ्हे टाकले की पाऊस दडी मारतो, रोवणी लांबते, आणि धान कापून कडपा बांधीत पडला की नेमका पाऊस येतो. हे तुम्हाला तिथे कोणीही सांगेल. 2017 साली पाऊस कमी झाला, त्यात तुडतुड्याने उभे धान जाळल्यासारखे करून टाकले. 2020 च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातल्या धरणांचं पाणी सुटलं आणि वैनगंगेने भंडारा शहरात आणि नदीकाठच्या गावांत घरं बुडवली. ज्याने हे अंगावर घेतलं त्याला हवामानाची 'माहिती' देणारे आपण कोण? आकडे त्याच्याकडे नसतील. हवेतला कार्बन डायऑक्साइड औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाख भागांत सुमारे 280 भाग होता, 1958 मध्ये हवाईच्या मौना लोआ वेधशाळेत मोजणी सुरू झाली तेव्हा सुमारे 315 होता आणि आता 420 च्या वर गेला आहे, हे त्याला सांगता येणार नाही. पण पाऊस बिघडला हे त्याला आपल्याआधी कळलं आहे.

तरी आपण काय करतो? जनजागृती. रॅली निघते, शाळेतल्या पोरांच्या हातात फलक दिले जातात, एका रोपाला आठ जण हात लावून फोटो काढतात. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात पुन्हा रोप. आम्हीही अशा कार्यक्रमांचे अध्यक्ष झालो आहोत, हार घातले आहेत. त्याने कोणाचं वाईट होत नाही. पण जो जागा आहे त्याला जागवण्याने प्रश्न सुटत नाही, आणि 'लोक अडाणी आहेत' हा सोयीचा समज मात्र टिकून राहतो.

दुसरं उत्तर मानसशास्त्राचं आहे. 1968 मध्ये लाताने आणि डार्ली या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याला एका खोलीत फॉर्म भरायला बसवायचं आणि भिंतीतल्या फटीतून खोलीत धूर सोडायचा. विद्यार्थी एकटा असेल तर शंभरात पंचाहत्तर जण उठून बाहेर सांगायला गेले. पण सोबत दोन माणसं बसवली, ज्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की धूर दिसला तरी शांतपणे फॉर्म भरत राहायचं, तेव्हा शंभरात फक्त दहा जण उठले. बाकीचे डोळे चोळत, खोकत, फॉर्म भरत राहिले. नंतर त्यांना विचारलं, तर कोणी म्हणालं वाफ असेल, कोणी म्हणालं एसीचं काहीतरी असेल. दुसरा शांत आहे त्या अर्थी धोका नसावा, असं प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघून ठरवतो. सगळे एकमेकांकडे बघत असतात आणि धुराकडे कोणीच बघत नाही.

हा प्रयोग हवामानबदलाला फार चपखल बसतो, म्हणून तो अनेक ठिकाणी सांगितला जातो. आम्हीही वर्गात सांगायचो. पण तो अर्धंच सांगतो. त्या खोलीतली माणसं एकमेकांना अनोळखी होती. गावातली माणसं अनोळखी नसतात, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचं बरंवाईट ओळखून असतात. धूर दिसला तर उठायचं कोणी, बादली कोणी आणायची, विहिरीवर कोणी उभं राहायचं, हे गावाला एके काळी ठाऊक होतं. मग ते ठाऊक असणं कुठे गेलं? लोक निष्क्रिय 'आहेत' की लोक निष्क्रिय 'झाले'? आमचं म्हणणं दुसऱ्या बाजूचं आहे. आणि 'झाले' म्हटलं की कधी, कसे, हे विचारावं लागतं. त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. 1999 मध्ये गोंदिया वेगळा निघाला तरी तलावांनी ती रेषा मानली नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून जुने मालगुजारी तलाव साडेसहा-सात हजारांच्या घरात आहेत. सरकारी कागदावर 'माजी मालगुजारी' असं नाव, त्याचं झालं 'मामा तलाव'. बाहेरून आलेल्या माणसाला हा कोणाचा मामा असा प्रश्न पडतो. मालगुजारी ही इंग्रजी अमदानीतली महसुलाची व्यवस्था, पण यातले पुष्कळ तलाव त्याहून जुने आहेत, गोंड राजांच्या काळातले. ते बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगितलं जातं. मारुती चितमपल्लींमुळे तो जलाशय मराठी वाचकांच्या घरात पोचला, पण वाचकांनी तिथले पक्षी जास्त लक्षात ठेवले आणि पाळ बांधणारे हात कमी.

तलाव म्हणजे नुसता खड्डा नव्हे. उताराची जमीन हेरायची, दोन टेकड्यांच्या मध्ये मातीची पाळ घालायची, जास्तीचं पाणी निघून जायला एका अंगाला सांडवा ठेवायचा, आणि बांध्यांना पाणी द्यायला पाळीत तुडुम बसवायचं. तुडुम म्हणजे टप्प्याटप्प्याने उघडायची मोरी. पाणी जसं खाली जाईल तसं खालचं भोक उघडायचं. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात, त्याचा बोडीत, बोडीचा नाल्यात, अशी साखळी असायची. पाळीवर उंदीर-खेकड्यांची बिळं पावसाळ्यापूर्वी बुजवायची, गाळ काढून बांधीत टाकायचा, रोवणीच्या वेळी पाणी आधी कोणाला आणि नंतर कोणाला हे ठरवायचं. एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला तर कोणत्या बांध्या सोडून द्यायच्या, हेही ठरवायचं. हे शेवटचं फार अवघड. 'तुझं धान यंदा वाळेल' हे शेजाऱ्याला तोंडावर सांगावं लागतं, आणि त्याने ते ऐकून घ्यावं लागतं.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करू, कारण या विषयावर बोलणाऱ्यांना जुनं ते सोनं म्हणायची खोड असते. ही व्यवस्था न्यायाची नव्हती. मालगुजार मालक होता. गाळ काढणारा आणि मालगुजाराच्या शेतावर वेठीला राबणारा माणूस अनेकदा एकच होता. कोणी कोणत्या घाटावर पाणी भरायचं हे जात ठरवत होती. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 चा. तळं सार्वजनिक असूनही पाणी सार्वजनिक नसतं, हे बाबासाहेबांनी देशाला तिथे दाखवलं. त्याच बाबासाहेबांना 1954 च्या पोटनिवडणुकीत आपल्या भंडाऱ्याने लोकसभेत पाठवलं नाही, हेही विसरू नये. तेव्हा मालगुजारी गेली ते बरंच झालं. आमचा प्रश्न ती गेल्याचा नाही, तिच्या जागी काय आलं याचा आहे.

तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. 1950 चा मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा आला, 31 मार्च 1951 पासून मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. गावकऱ्यांचे निस्तार हक्क कागदावर राहिले. निस्तार म्हणजे गावाच्या रोजच्या गरजेचं पाणी, चराई, लाकूडफाटा. पुढे आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्रात आलो. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. मालक बदलला. पण मालगुजाराकडून सरकारकडे जाताना गाव मध्ये कुठेच आलं नाही. मालगुजाराचा तलाव सरकारचा झाला, गावाचा झालाच नाही. पाण्यावरचा हक्क गावाकडे आणि दुरुस्तीचं कर्तव्य खात्याकडे, अशी फाळणी झाली. हक्क आणि कर्तव्य एका हातात नसले की काय होतं, हे पाहायला आमच्याकडे एखाद्या पाळीवर फिरून यावं. पाळीला भगदाड, तुडुमाच्या जागी सिमेंटचा मोडका दरवाजा, पोटात गाळ, काठाने अतिक्रमण करून काढलेल्या बांध्या, आणि उरलेल्या पाण्यात बेशरमाचं रान. या झाडाला विदर्भात बेशरम का म्हणतात ते सांगायला नको, कुठेही फेका, लाज न बाळगता उगवतं.

आता फाळणी आणखी बारकाईने बघू. तलावाची पाळ जिल्हा परिषदेची. पाणलोटातलं जंगल वनविभागाचं. पाण्यातली मासोळी लिलावाने मच्छीमार सहकारी संस्थेची. काठाची पडीक जमीन महसूल खात्याची. खालच्या बांध्या खाजगी सातबाऱ्यावरच्या. पाणी एकच आहे, डोंगरावर पडतं, जंगलातून झिरपतं, तलावात थांबतं, धानात जातं. पण ते पाणी अखंड पाहील असा माणूस उरला नाही. प्रत्येक जण आपापला तुकडा प्रामाणिकपणे सांभाळतो, असं समजू. तरी तलाव मरतो. यात खलनायक शोधायला गेलात तर सापडत नाही. आमच्या मते हवामानबदलाचं मूळ कारण इथेच कुठेतरी आहे. धूर हे त्याचं दृश्य रूप.

1968 मध्येच, म्हणजे धुराच्या प्रयोगाच्याच वर्षी, गॅरेट हार्डिन यांनी सामाईक संसाधनांच्या शोकांतिकेवरचा गाजलेला निबंध लिहिला. कुरण सगळ्यांचं असेल तर प्रत्येक जण आपली एक गाय जास्त सोडणार आणि कुरण संपणार. म्हणून एकतर खाजगी करा, नाहीतर सरकारच्या ताब्यात द्या. अनेक राज्यकर्त्यांना हा निबंध आवडला, आणि का आवडला ते उघड आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी त्याला उत्तर दिलं. त्यांनी जगभरची कुरणं, कालवे, मासेमारीच्या जागा अभ्यासल्या, 1990 मध्ये पुस्तक लिहिलं आणि 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की हार्डिनचं कुरण सामाईक नव्हतंच, ते बेवारस होतं. सामाईक म्हणजे जिथे वापरणाऱ्यांनी मिळून नियम केले आहेत, कोण किती घेतो हे एकमेकांना दिसतं, आणि नियम मोडणाऱ्याला गावच टोकतं. सामाईक आणि बेवारस यांतला फरक आपल्या मामा तलावांइतका स्वच्छ दुसरीकडे दिसणं कठीण. आधी पाळीवर मालगुजाराचा दरारा होता आणि गावाचे रिवाज होते. नंतर दरारा गेला तो गेला, रिवाजही गेले, आणि आली ती फाईल.

वातावरण हा असाच एक तलाव समजा, ज्याला पाळ नाही, तुडुम नाही आणि कोणी टोकणाराही नाही. प्रत्येक देश, प्रत्येक कंपनी, प्रत्येक घर आपला धूर त्यात सोडतं. पण 'प्रत्येक' म्हणताना सावध राहिलं पाहिजे. 'मानवाने पृथ्वी तापवली' असं वाक्य आपण बिनदिक्कत लिहितो. कोणता मानव? भारतात माणशी कार्बन डायऑक्साइडचं वार्षिक उत्सर्जन साधारण 2 टन आहे, अमेरिकेत ते 14 टनांच्या आसपास. भारतातली सरासरीही फसवीच. डोक्यावर मोळी घेऊन जंगलातून येणारी बाई आणि विमानाने लग्नाला जाणारं कुटुंब यांची सरासरी काढून हाती काय लागतं? आपल्या आजूबाजूला बघा. तिरोड्याचं औष्णिक केंद्र 3,300 मेगावॅटचं. मौद्याचं 2,320. चंद्रपूरचं 2,920. शिवाय कोराडी, खापरखेडा. पूर्व विदर्भ राज्याची चूल आहे म्हणा ना. कोळसा इथे जळतो, राख इथे पडते, नदीचं पाणी इथलं जातं, वीज मात्र दूरवर पोचते.

भारतीय तर्कपरंपरेत दोन दोष सांगितले आहेत, ते इथे फार उपयोगी पडतात. एकाचं नाव कृतप्रणाश, दुसऱ्याचं अकृताभ्यागम. शब्द अवघड वाटतील पण अर्थ सोपा आहे. कृतप्रणाश म्हणजे केलेलं कर्म फळ न देता करणाऱ्यापुरतं नाहीसं होणं. अकृताभ्यागम म्हणजे जे केलंच नाही त्याचं फळ अंगावर येणं. आत्मा टिकून राहत नाही, सगळं क्षणिक आहे, असं बौद्ध म्हणाले तेव्हा प्रतिपक्षाने त्यांच्यावर हाच आक्षेप घेतला. करणारा एका क्षणाचा आणि भोगणारा दुसऱ्या क्षणाचा, मग करणारा सुटला आणि न करणारा अडकला, हा कुठला न्याय? असं घडणं इतकं असंबद्ध मानलं गेलं की ज्या मतातून हे निष्पन्न होतं ते मतच चूक, असा युक्तिवाद होता. बौद्धांनी त्याला आपलं उत्तर दिलं, तो वाद आज नको. पण गंमत बघा, ज्याला आपल्या दार्शनिकांनी अशक्य म्हणून नाकारलं, ते आज आपण व्यवहारात उभं करून दाखवलं आहे. ज्याने धूर सोडला त्याचं कर्म त्याच्यापुरतं विरून गेलं, आणि ज्याने सोडला नाही त्याचा कडपा भिजला. कर्ता एक, भोक्ता दुसरा, आणि त्यांची गाठ कधी पडत नाही.

यावरून आणखी एक गैरसमज दूर करता येतो. आपला समाज दैववादी आहे, कर्मसिद्धांताने लोकांना थंड करून टाकलं, म्हणून कोणी हलत नाही, असं शिकलेली मंडळी नेहमी म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही. ज्यांनी हे हजारो तलाव खणले त्यांची देवावर आणि दैवावर आपल्यापेक्षा कमी श्रद्धा होती का? पाऊस देव देतो असं मानणाऱ्या माणसांनीच तो अडवायला पाळी घातल्या. तेव्हा दोष दैवावरच्या श्रद्धेचा नाही. आपण केलं तर त्याचं फळ आपल्याला, निदान आपल्या गावाला दिसेल, ही खात्री गेली हा दोष आहे. खात्री नसेल तिथे शहाणा माणूसही हात हलवत नाही, आणि त्याला आळशी म्हणणं अन्याय आहे.

त्या खात्रीच्या जागी काय आलं? एक शब्द आला: लाभार्थी. या शब्दावर आम्ही थोडं रेंगाळणार आहोत. विद्यार्थी म्हणजे विद्या मागणारा. तसा लाभार्थी म्हणजे लाभ मागणारा. घरकुलाचा लाभार्थी, गॅसचा लाभार्थी, धानाच्या बोनसचा लाभार्थी. गैरसमज नको, हे लाभ लोकांच्या हक्काचे आहेत. धानाचा उत्पादनखर्च आणि भाव बघितला तर बोनस ही मेहेरबानी नाही. आमचं म्हणणं शब्दाबद्दल आहे. नागरिक ठरवतो, लाभार्थी वाट बघतो. नागरिक एकमेकांना भेटतात, लाभार्थी एका रांगेत एकमेकांच्या पाठी बघत उभे असतात. यादीत नाव आलं की नाही ही प्रत्येकाची वेगळी चिंता. गावाचा तलाव फुटला तरी पंचनामा वेगवेगळा होतो, ज्याच्या-त्याच्या सातबाऱ्यावर. संकट सामाईक, नुकसानभरपाई वैयक्तिक. पंचनाम्याला तलाठी आला की लोक जमतात, पाळ बांधायला जमत नाहीत. आणि का जमावं? पाळीला हात लावला तर सरकारी कामात ढवळाढवळ होईल, अशी भीतीही असतेच.

दुसरं असं की प्रतिष्ठेचं माप बदललं. हे थोडक्यात सांगतो. कवेलूची घरं जाऊन स्लॅब आली. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा स्लॅबखाली राहता येत नाही, मग कूलर, मग एसी. पण कवेलूच्या घरात राहतो असं सांगताना मुलाचं लग्न जमत नाही. हे कोणा एकाचं पाप नाही. 'विकसित' दिसण्याची एक वर्दी ठरली आहे, ती घातल्याशिवाय दारात कोणी उभं करत नाही, आणि त्या वर्दीला वीज लागते. उन्हाळी धानाचंही तसंच. कालवा नाहीतर बोअर चालवून भर उन्हाळ्यात बांधीत पाणी उभं करायचं. साचलेल्या पाण्यातल्या धानातून मिथेन निघतो, तोही हवा तापवतो. म्हणजे धान उत्पादक या नात्याने आपलाही थोडा धूर आहे, पण शेतकऱ्याला दुसरं पीक परवडेल अशी व्यवस्था न करता त्याला मिथेनचं प्रवचन देणं आम्हाला शोभणार नाही.

सरकारने मोठ्या पाण्याचं काय केलं, तेही एका वाक्यात नको, दोन-तीन वाक्यांत बघू. 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्दची पायाभरणी झाली. तेव्हाचा अंदाज 372 कोटींचा, पुढे तो अठरा हजार कोटींच्याही वर गेला. पायाभरणीनंतर दोन महिन्यांनी, जून 1988 मध्ये, जेम्स हॅन्सन या शास्त्रज्ञाने अमेरिकी सिनेटपुढे पृथ्वी तापू लागली आहे अशी साक्ष दिली. तेव्हापासून जगाने हवामानावर किती परिषदा घेतल्या आणि आपण गोसीखुर्दवर किती बैठका घेतल्या, दोन्हींचा हिशोब एकाच वहीत मांडता येईल. मधल्या काळात गावं उठली. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, तिथून वैनगंगेत आणि धरणाच्या पाण्यात येऊन थांबू लागलं. शहराचं कर्म, नदीकाठच्या धिवराच्या जाळ्यात फळ. पुन्हा तेच अकृताभ्यागम.

मग लोक कधी हलतात? याचीही उदाहरणं जवळच आहेत. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ काम करतं, मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी. त्यांनी धिवर समाजाच्या लोकांबरोबर बसून आधी विचारलं की तलावातल्या मूळच्या मासोळ्या कुठे गेल्या. कतला-रोहूचं बीज सोडून उत्पन्न वाढेल असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं होतं, पण मरळ, शिंगी अशी देशी मासोळी आणि तिला आसरा देणाऱ्या पाणवनस्पती कमी होत गेल्या होत्या. कोणती वनस्पती कुठे उगवते, कोणती मासोळी कशात अंडी घालते, हे ज्ञान धिवरांकडे होतं, कोणी विचारलं नव्हतं एवढंच. मग बेशरम उपटली, तळ नांगरून पाणवनस्पती लावल्या, देशी मासे परत आले. या कामात बायका पुढे होत्या. 'जागृती' कोणी कोणाची केली, सांगा बरं?

दुसरं उदाहरण गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं. हे गाव फार प्रसिद्ध आहे, म्हणून लोक त्याला अपवाद म्हणून सोडून देतात. तिथे सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत आणि अभ्यासगट आधीपासून होते. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. यात आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो क्रम. लोकांनी आधी जंगलावर प्रेम करायला शिकावं, मग हक्क देऊ, असं झालं नाही. अभ्यास आणि हक्कासाठीची झुंज बरोबरीने चालली, आणि हक्क हाती आल्यावर जबाबदारीला टेकायला जागा मिळाली.

याला एक आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. मेंढ्याने जंगल राखलं म्हणून तिरोड्याची चिमणी थांबत नाही. तलावातली बेशरम उपटून ध्रुवाचं बर्फ गोठत नाही. गावाचं काम गावापुरतं, धूर जगाचा. यावर आमच्याकडे सिद्ध करून दाखवता येईल असं उत्तर नाही, एक मत आहे. ज्या माणसाने वर्षातून चार वेळा बैठकीत बसून पाणी कोणाला आणि किती हे ठरवलं आहे, तोच माणूस उद्या जनसुनावणीत उभा राहून विचारू शकतो की राख कुठे टाकणार, नदीचं पाणी किती घेणार, आणि वीज कोणाला देणार. ज्याने आयुष्यात फक्त अर्ज भरला आहे तो जनसुनावणीतही अर्जच देतो. ठरवण्याची सवय ही स्नायूसारखी आहे, वापरली नाही की झिजते. सत्तर वर्षांत आपण ती वापरली नाही, किंवा वापरू दिली नाही.

शेवटी एका श्रोत्याचा प्रश्न आला आहे तो घेतो. ते विचारतात, 'सर, म्हणजे तलाव पुन्हा गावाला द्यायचे का? आज गावात गट आहेत, पुढारी आहेत. परत नवा मालगुजार तयार होईल.'

शंका रास्त आहे. 2005 चा शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आहे, त्यात पाणीवापर संस्था आहेत. पण त्या मुख्यतः लाभक्षेत्रातल्या जमीनधारकांच्या. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला तिथे आवाज नाही, आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव किती घरांत असतं ते तुम्हीच बघा. 2017 पासून गाळमुक्त धरणाची योजना आली, गाळ निघाला, चांगलं झालं. पण किती खोल काढायचा, कुठे थांबायचं, हे जेसीबीवाल्याने ठरवायचं की मासोळीची अंडी कुठे असतात ते ओळखणाऱ्याने? उन्हाळी धानवाल्याला एप्रिलमध्ये तलावातला शेवटचा थेंब हवा असतो. धिवराला तळाशी पाणी उरायला हवं असतं, नाहीतर पुढच्या वर्षीचं बीज मरतं. गुराख्यालाही ते पाणी हवं आणि पाखरांनाही. हा भांडणाचा विषय आहे, आणि तो भांडूनच सुटेल. तेव्हा तलाव द्यायचा तो पाणीवापर संस्थेला नव्हे, ग्रामसभेला द्यावा, असं आमचं मत. आणि तिच्या बैठकीत धिवराची बाई बसलेली नसेल, तर तळाशी किती पाणी ठेवायचं हा प्रश्न विषयपत्रिकेवर येणारच नाही.